पू-अर चहा आणि युन्नानचे मुसलमान

पू-अर चहाच्या वेष्टनावर पुष्कळदा घोड्या-खेचरांचा तांडा छापलेला असतो. तो हाकणारे कोण, हे मात्र लिहिलेलं नसतं.

दक्षिण चीनमधल्या युन्नानमध्ये 1274 साली मंगोल राजवटीने बुखाऱ्याचे सय्यद अजल शम्सुद्दीन यांना सुभेदार नेमलं. त्या काळात तिथे मुसलमानांची वस्ती वाढली. त्यांचे वंशज, म्हणजे हुई मुसलमान, पुढे खेचरांच्या तांड्यांवर ब्रह्मदेशाशी व्यापार करू लागले. तांडेवाले एकटे तेच नव्हते. तिबेटच्या वाटेवर तिबेटी लोकही होते. पण या धंद्यात हुईंचा वाटा मोठा होता.

1856 मध्ये कुनमिंगमध्ये हुईंची कत्तल झाली आणि बंड पेटलं. दू वेनश्यू या नेत्याने दाली शहरात सुलतान सुलेमान या नावाने राज्य चालवलं. (आपल्या सुलेमानी चहाशी या नावाचा काही संबंध नाही!) 1873 पर्यंत छिंग सरकारने बंड चिरडलं, दालीत पुन्हा रक्त सांडलं. वाचलेले कित्येकजण ब्रह्मदेशात गेले. तिथे त्यांना ‘पंथे’ म्हणतात, आणि खेचरांचा धंदा त्यांनी तिथेही सोडला नाही.

आता चहाकडे. कच्चा पू-अर वर्षानुवर्षं ठेवला की आपोआप मुरतो. तेवढा धीर बाजाराला नव्हता. म्हणून 1973 मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ढीग लावून, पाणी शिंपडून, झाकून, उलथेपालथे करत दीड-दोन महिन्यांत चहा पिकवण्याची रीत बसवली गेली. हाच ‘शू’, म्हणजे पिकवलेला पू-अर. तेव्हा तुम्हाला कुणी शंभर वर्षांचा शू विकू लागला, तर नमस्कार करून पुढे निघा.

नव्या शूला ढिगाचा ओला, कुबट वास असतो. काही वर्षं कोरड्या, हवेशीर जागी राहिला की तो जातो. वडीचा तुकडा सुरीच्या टोकाने हळूच सोडवावा, चुरा करू नये. शंभर मिली भांड्याला सहा-सात ग्रॅम पुरेत. पाणी उकळतंच हवं. पहिलं पाणी ओतून लगेच फेकून द्यावं. दुसरं दहा सेकंदांत गाळावं, पुढे वेळ वाढवत जावा. दूध-साखर नको. रंग गडद तांबूस-काळा, पण कडवटपणा जवळजवळ नाही. पाचव्या-सहाव्या वेळी ओल्या लाकडाचा वास मागे पडतो आणि जिभेवर खारकेसारखी गोडी राहते.