आवाजावर आवाजाचा उतारा



एस.टी.च्या अगदी मागल्या बाकावर बसून ज्यांनी घाट चढला आहे, त्यांना गाडीचा हादरा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इंजिन घरघरते, काचा खडखडतात, आणि खाली उतरल्यावरही घटकाभर अंगात गाडी चालूच असते. हा त्रास चाकाइतकाच जुना, आणि त्यावरचा पहिला उपायही तितकाच जुना : मध्ये काहीतरी मऊ घाला. बैलगाडीत पेंढा आला, घोडागाडीला पोलादी पाटे आले, मोटारीला हवेचे टायर आणि इंजिनाखाली रबर आले. हे सगळे उपाय मुकाट्याने मार खाणारे आहेत. हादरा आला की ते त्यातला थोडा गिळतात, उरलेला तुमच्या-आमच्यापर्यंत पोचतोच.

आज सांगायची आहे ती निराळ्या जातीच्या उपायाची हकीगत. इथे हादऱ्याला उलटा हादरा आणि आवाजाला उलटा आवाज देऊन गप्प करतात. काट्याने काटा काढावा तसेच हे.

पण दोन आवाज मिळून शांतता होते, हे मनाला पटत नाही. झोपाळ्याचे उदाहरण घ्या. झोपाळा पुढे जात असताना ढकलला तर झोका वाढतो. तोच तो मागे येत असताना पुढे रेटला तर झोका मरतो. जोर तोच, हातही तोच. फरक फक्त वेळेचा. आवाज म्हणजे हवेचे झोकेच. एका आवाजाने हवा जेव्हा दाबली जाते नेमकी तेव्हा दुसऱ्याने ती सैल केली, तर कानाला काहीच लागत नाही. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. नादकाटा वाजवून कानाजवळ धरावा आणि दांडा बोटांत हळूहळू फिरवावा. एका फेऱ्यात आवाज चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो. काट्याच्या फाळांपासून निघालेल्या लहरी त्या चार ठिकाणी एकमेकींना खोडून काढतात.

या तत्त्वाचा मोटारीला उपयोग झाला तो प्रथम इंजिनाच्या पोटात. एका रांगेत चार दट्टे असलेल्या इंजिनात दट्ट्यांच्या वरखाली होण्याने एक हादरा उरतो, आणि इंजिनाच्या एका फेऱ्यात तो दोनदा येतो. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1904 मध्ये त्यावर तोड काढली. एका बाजूला वजन असलेले दोन दांडे इंजिनाच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरवायचे, म्हणजे त्यांचा हादरा इंजिनाच्या हादऱ्याला छेद देतो. ही युक्ती पुढे मागे पडली. 1975 च्या सुमारास जपानच्या मित्सुबिशीने ती पुन्हा उचलली, आणि त्यानंतर ती अनेक मोटारींत दिसू लागली. पण हे उत्तर पाठ केलेले आहे. प्रश्न बदलला, रस्ता बदलला, की दांड्यांना त्याची वार्ता नसते.

ऐकून मग उत्तर देणाऱ्या यंत्राची कल्पना जर्मनीच्या पॉल ल्यूग यांनी मांडली. त्यांनी पेटंटचा अर्ज केला 27 जानेवारी 1933 रोजी, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या तीन दिवस आधी. अमेरिकेत त्यांना 1936 मध्ये पेटंट मिळाले. त्यांची मांडणी एखाद्या शाळकरी मुलालाही समजावी अशी आहे. नळीतून आवाज पुढे चालला आहे. वाटेत मायक्रोफोन तो ऐकतो आणि तारेतून पुढच्या कर्ण्याला खबर देतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. वीज त्याच्या कितीतरी पट वेगाने धावते. म्हणून खबर आधी पोचते, आणि आवाज येईपर्यंत कर्णा उलटी लहर घेऊन तयार असतो.

पुढे 1953 मध्ये अमेरिकेत हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी मायक्रोफोन, अँप्लिफायर आणि कर्णा एकत्र जोडून कर्ण्याजवळच्या जागेतला घुमणारा आवाज कमी करून दाखवला. विमानात आणि मोटारीत प्रवाशाच्या डोक्यामागे हे यंत्र बसवावे, असे त्यांनी सुचवलेही होते. तरीसुद्धा ते मोटारीत आले नाही. का बरे? कारण मोटारीतला आवाज क्षणोक्षणी बदलतो. चालक गिअर बदलतो, खडी लागते, माणसे चढतात-उतरतात. उलटी लहर किंचित चुकली, तर झोपाळ्याला भलत्या वेळी धक्का बसावा तसा आवाज उलट वाढतो. कल्पना खरी होती, पण तिला झटपट हिशेब करणारा कारकून मिळाला नव्हता.

तो दोन हप्त्यांत मिळाला. अमेरिकेतील विड्रो आणि हॉफ यांनी 1960 मध्ये, यंत्राने आपली चूक मोजून ती पायरीपायरीने कमी कशी करावी, याची सोपी रीत दिली. आणि 1980 नंतर ती रीत सेकंदात हजारो वेळा चालवू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकत्या स्वस्त होऊ लागल्या. मग गाडी भराभर पुढे सरकली.

कॅनडात बनलेल्या डॅश-8 विमानांत 1996 पासून अशी व्यवस्था आली. या घराण्यातल्या क्यू-400 विमानाच्या पंख्याला सहा पाती असतात. मिनिटाला 850 फेरे धरले, तर पात्यांचे सेकंदाला 85 ठोके विमानाच्या अंगावर पडतात. आतले मायक्रोफोन ते ऐकतात आणि सांगाड्याला जोडलेली कंपक यंत्रे उलटे ठोके देतात. 2011 पासून ही विमाने भारतातही उडू लागली.

मोटारींत जपानच्या निस्सानने 1990 नंतर लवकरच ब्लूबर्ड गाडीत हा प्रयोग केला. होंडाच्या 2003 च्या इन्स्पायर गाडीत तेल वाचवण्यासाठी सहापैकी तीन सिलिंडर बंद होत, आणि त्यामुळे वाढणारा हादरा इंजिनाखालचे विजेवर चालणारे आधार उलट हलून खोडून काढीत. 2020 मध्ये कोरियाच्या जेनेसिस जीव्ही-80 गाडीने रस्त्याचा आवाजही या कक्षेत आणला. चाकांजवळचे कंपनमापक हादरा टिपतात आणि गाडीतले कर्णे उलटा आवाज देतात. त्यासाठी लागणारा हिशेब 0.002 सेकंदात होतो, असे कंपनीने सांगितले.

मात्र या उपायाला मर्यादा आहे. सेकंदाला 100 कंपनांच्या आवाजाची लहर 3.4 मीटर लांब असते, आणि शांततेचा टापू साधारण तिच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे डोके मावेल इतका मिळतो. 1000 कंपनांच्या आवाजाला हा टापू जेमतेम दोन बोटांचा होतो. म्हणून घरघर जाते, किंचाळणे राहते. ढिला नट आणि फुटका सायलेन्सर यांवर पाना हाच उतारा.

आणि एक गोष्ट शेतकरी श्रोत्यांसाठी. सर्वांत घातक हादरा कानाला ऐकूच येत नाही. बसलेल्या माणसाच्या अंगाला वरखाली होणारी सेकंदाला 4 ते 8 कंपने फार बाधतात, आणि ती कण्यातून वर चढतात. ट्रॅक्टरच्या मागल्या आसाला तर बहुधा पाटेही नसतात. मार थेट चालकाच्या पाठीला. युरोपने 2002 मध्ये कामगाराच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांवर कायद्याने मर्यादा घातली. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे चिरंजीव अमर बोस यांच्या कंपनीने 2010 मध्ये मालट्रकच्या चालकासाठी अशी बैठक आणली, की गाडी वर उसळली की बैठक तितकीच खाली जाते. मोठ्या परदेशी ट्रॅक्टरांनाही अशा बैठका मिळू लागल्या.

पण क्रम पाहा. आधी प्रवाशाच्या कानाला सुख मिळाले, चालकाच्या पाठीची पाळी नंतर आली, आणि आपल्या बांधावरच्या ट्रॅक्टरपर्यंत ती बैठक अजून यायची आहे. तोवर ट्रॅक्टर घेताना अश्वशक्तीबरोबर बैठकीचीही चौकशी करा. तिची स्प्रिंग आपल्या वजनाला बेतून घ्या, आणि दिवसभर नांगरणी असेल तेव्हा मधूनमधून खाली उतरून पाठ सरळ करा.