शेंगांची टरफले आणि टर्बाइनची पाती

बंगळुरूच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी ‘कडलेकाई परिशे’ भरते. शेतकरी नव्या भुईमुगाच्या शेंगांच्या राशी रस्त्याच्या दुतर्फा ओततात आणि रात्रीपर्यंत पायांखाली टरफलांचा थर साचतो. जत्रेकरूंच्या लेखी तो कचरा असतो. प्रत्यक्षात मात्र ते किलोमागे चार किलोवॅट-तासांहून अधिक उष्णता बाळगणारे इंधन आहे. अशा काडीकचऱ्याची वीज कशी करावी, या प्रश्नाचा भारतातला बहुधा सर्वांत चिकाटीचा अभ्यास याच शहरात झाला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या 1898 च्या प्लेगच्या सुमारास आखलेल्या जुळ्या वसाहती. त्यांपैकी मल्लेश्वरमच्या पलीकडे भारतीय विज्ञान संस्था आहे.

मूळ युक्ती जुनीच. लाकूड अपुऱ्या हवेत जाळले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू मिळतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली, तेव्हा आपल्याकडच्या मोटारी कोळशाची भट्टी पाठीशी बांधून याच वायूवर धावल्या. युद्ध संपले, पेट्रोल आले, आणि भट्ट्या भंगारात गेल्या.

विद्युत-रसायनशास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांनी 1974 मध्ये विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र उभारले. पुढे एच. एस. मुकुंद यांनी गॅसिफायर हाती घेतला. ते रॉकेटमधील ज्वलनाचे अभ्यासक. रॉकेटवाल्याने चुलीकडे वळावे याचे नवल वाटायला नको, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: आतले तापमान आणि हवेची वाट नेमकी कशी राखायची. त्यांच्या गटाच्या गॅसिफायरचे तोंड वरून उघडे होते. हवा वरून आणि बाजूनेही आत येई, तप्त थर लांबे आणि चिकट डांबर त्यातच बरेचसे विघटित होई. 1988 मध्ये तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या पस्तीसेक घरांच्या खेड्यात अशा संचावर दिवे लागले. पुढे पिण्याचे पाणी, पिठाची गिरणी आणि सिंचनही त्यावर चालले. हा वायू जाळत होते ते मात्र साधे डिझेल इंजिन, तेही आरंभी थोड्या डिझेलच्या सोबतीने.

त्याच वर्षी ‘एनर्जी फॉर अ सस्टेनेबल वर्ल्ड’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या चार लेखकांत रेड्डी होते आणि प्रिन्स्टनचे रॉबर्ट विल्यम्सही. विल्यम्स आणि एरिक लार्सन त्या काळात एक मोठे स्वप्न मांडत होते: जैवभाराच्या वायूवर विमानाच्या जातीची गॅस टर्बाइन चालवायची. युक्तिवाद भक्कम होता. जैवभार विखुरलेला असतो आणि दूरवरून वाहून आणणे परवडत नाही, म्हणून वीजकेंद्र लहानच हवे. लहान आकारात वाफेच्या टर्बाइनची कार्यक्षमता घसरते, गॅस टर्बाइनची तेवढी नाही. साखर कारखाने हे त्यांच्या मते सर्वांत योग्य ठिकाण होते.

अडचण यंत्राच्या स्वभावातच होती. इंजिन वायू स्वतः ओढून घेते आणि स्वतःच दाबते. त्याला वायू थंड आणि स्वच्छ मिळाला की पुरे. टर्बाइनच्या ज्वलनकक्षात मात्र वातावरणाच्या दहा-वीस पट दाब असतो. साध्या दाबाचा वायू तिथे ढकलायचा तर हाती येणाऱ्या विजेचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडतो; गॅसिफायरच दाबाखाली चालवायचा तर भुसा, चिपाड आत भरणे हेच मोठे काम होऊन बसते. शिवाय या वायूचा उष्मांक नैसर्गिक वायूच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढाच, म्हणून तो कितीतरी अधिक लागतो आणि कॉम्प्रेसरचा तोल बिघडतो. वनस्पतींतले पोटॅशियम वाफ होऊन तप्त पात्यांना खाते, ते वेगळेच.

हे सारे अशक्य नाही, हे स्वीडनने दाखवले. वार्नामो येथे 1993 पर्यंत उभारलेल्या केंद्रात सुमारे वीस वातावरणांच्या दाबाखाली लाकडाचा वायू तयार होई, फिल्टरमधून गाळला जाई आणि लहान टर्बाइनमध्ये जळे; टर्बाइनमागे वाफेचे चक्र जोडलेले होते. सहा मेगावॅट वीज आणि गावाला नऊ मेगावॅट उष्णता. या वायूवर टर्बाइन सुमारे 3,600 तास चालली. पण वीज महाग पडली आणि प्रयोग 1999 च्या सुमारास थांबला. इंग्लंडमधले एग्बरोचे आठ मेगावॅटचे केंद्र 2002 मध्ये दिवाळखोरीत गेले. ब्राझीलचे केंद्र तर कागदावरच राहिले.

महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि बगॅस यांचे वायूकरण नव्वदच्या दशकात करून पाहिले, पण उद्दिष्ट उद्योगांना लागणारी उष्णता हे होते. आपल्या साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मिती स्वीकारली ती उच्च दाबाच्या बॉयलरची: बगॅस थेट जाळायचा, वाफ करायची, वाफेची टर्बाइन फिरवायची. तुमकूरमध्येच कब्बिगेरे येथे पुढे 500 किलोवॅटचा गॅसिफायर-प्रकल्प उभा राहिला. तिथेही वायू गेला तो इंजिनाच्या सिलिंडरमध्येच.