छोट्या स्वरवाक्याची गोष्ट : प्रूस्तचे ऐकणे आणि त्याची पात्रे

मार्सेल प्रूस्तच्या 'हरवलेल्या काळाच्या शोधात' या सात खंडांच्या कादंबरीविषयी (१९१३ ते १९२७) वर्गात बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. कादंबरीतील व्हँतय या काल्पनिक संगीतकाराचा व्हायोलिन-पियानोचा सोनाटा, आणि त्यातले ते 'छोटे स्वरवाक्य', प्रत्यक्षात कोणाचे? प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एका नावाची अपेक्षा असते. हा प्रश्न आम्हांला गैर वाटत नाही. परंतु त्याच्या उत्तरापाशी थांबणे गैर वाटते. कादंबरीकार संगीत ऐकतो म्हणजे नेमके काय करतो, हे त्या उत्तराच्या पलीकडे गेल्यावरच दिसू लागते.

उत्तर खुद्द प्रूस्तने देऊन ठेवले आहे. १९१८ साली झाक द लाक्रतेल या तरुण लेखकाला पहिल्या खंडाची प्रत भेट देताना त्याने तीवर दीर्घ अर्पणमजकूर लिहिला. त्यात सँ-सान्सच्या एका व्हायोलिन सोनाटाचा उल्लेख आहे, आणि हा संगीतकार आपल्याला आवडत नाही अशी पुस्तीही आहे. त्यापाठोपाठ वाग्नरच्या 'पार्सिफाल'मधला गुड फ्रायडेचा भाग आणि 'लोहेनग्रिन'चे प्रास्ताविक वादन येते. सेझार फ्रांकचा सोनाटा, फोरेची एक पियानोरचना आणि शूबर्टचे काहीतरी, अशी ही यादी वाढत जाते. एका स्वरवाक्यामागे इतकी नावे! न आवडणाऱ्या संगीतकाराचे नाव यादीत प्रथम यावे, ही बाब तर विशेष लक्षणीय आहे. कादंबरीकाराला उपयोगी पडणारे संगीत आणि त्याच्या अभिरुचीला मान्य असलेले संगीत एकच असते, असे गृहीत धरता येत नाही.

सँ-सान्सचे नाव कोठून आले, याला इतिहास आहे. १८९४ साली मादलेन लमेर या चित्रकर्तीच्या बैठकीच्या वर्तुळात प्रूस्तची रेनाल्दो हान या तरुण संगीतकाराशी ओळख झाली. हान काराकासला जन्मलेला आणि पॅरिसमध्ये वाढलेला होता. पियानोशी बसून स्वतः गाण्याबद्दल त्याची ख्याती होती. दोघांमधील प्रेम पुढे आयुष्यभराच्या मैत्रीत स्थिरावले. त्या काळात प्रूस्तने लिहायला घेतलेली 'झाँ सांतय' ही कादंबरी अपुरी राहिली आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, प्रसिद्ध झाली. तीत नायकासाठी त्याची प्रेयसी पियानोवर जे स्वरवाक्य वाजवते, ते उघडपणे सँ-सान्सच्या सोनाटातले आहे. म्हणजे पुढील कादंबरीचे बीज येथे आहे; परंतु ते अद्याप आठवणीच्या पातळीवरच आहे. संगीतकाराचे नाव खरे असल्यामुळे वाचक त्या नावापाशी अडतो. त्याला वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढील वर्षांत दम्याने प्रूस्तचे बाहेर जाणे कमी कमी होत गेले. १९०६ च्या अखेरीस तो बुलेव्हार ओस्मानवरील १०२ क्रमांकाच्या घरात राहायला गेला, आणि पुढे आवाज आत येऊ नये म्हणून त्याने शयनगृहाच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे अस्तर लावून घेतले. अशा खोलीत राहणारा माणूस संगीत ऐकणार कसे? १९११ साली त्याने 'तेआत्रोफोन'ची वर्गणी भरली. नाट्यगृहातले गायन-वादन दूरध्वनीच्या तारेवरून घरी ऐकवणारी ही सोय पॅरिसमध्ये १८९० पासून उपलब्ध होती. तिच्यामुळे देब्युसीचा 'पेलेआस ए मेलिझांद' हा ऑपेरा प्रूस्तने अंथरुणात पडून ऐकला. १९१३ च्या एप्रिलमध्ये मात्र प्रत्यक्ष सभागृहात जाऊन जॉर्जे एनेस्कूच्या व्हायोलिनवर त्याने फ्रांकचा सोनाटा ऐकला. नंतर घरात पियानोला आला. आपल्याकडच्या पायपेटीप्रमाणे पायांनी भाता चालवायचा आणि छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवरून सूर उमटायचे, असे हे यंत्र. युद्धकाळात, १९१६ साली, त्याने गास्तों पुले या व्हायोलिनवादकाच्या चौकडीला रात्री उशिरा घरी बोलावले आणि फ्रांकची चौकडी ऐकली. ती संपताच पुन्हा वाजवण्याची विनंती केली.

या तपशिलांत एक समान सूत्र आहे, ते म्हणजे 'पुन्हा'. मैफलीत ऐकणाऱ्याला कलाकाराच्या वेळेने ऐकावे लागते. प्रूस्तने मिळेल त्या मार्गाने ऐकण्याची वेळ आपल्या हाती घेतली. पात्रे घडवताना हीच पुनःश्रवणाची रीत त्याच्या उपयोगी पडली, असे आम्हांला वाटते.

स्वान हे पात्र पाहा. पहिल्यांदा हे संगीत तो एका समारंभात ऐकतो तेव्हा रचनाकाराचे नावही त्याला कळत नाही. पण विटलेल्या, सुखासीन आयुष्यात काही उच्च ध्येय असू शकते, असे त्याला क्षणभर वाटून जाते. वर्षभराने व्हर्द्युरँ कुटुंबाच्या दिवाणखान्यात तेच सूर पुन्हा भेटतात. शेजारी ओदेत असते. आणि ते स्वरवाक्य त्या दोघांच्या प्रेमाचे जणू राष्ट्रगीत बनते. येथे स्वान फसतो. जी हाक त्याला कामाकडे बोलावत होती, ती त्याने एका व्यक्तीच्या नावे लावून टाकली. पुढे प्रेम विझल्यावर सँ-तव्हर्तबाईंच्या घरी तेच सूर अवचित कानी पडतात, आणि आपल्यावर प्रेम केले जात होते ते सारे दिवस एकदम अंगावर येतात. त्या क्षणी, अज्ञात संगीतकारानेही किती सोसले असेल, असा कळवळा त्याच्या मनात दाटतो. तरीही व्हर्मीरवरचा त्याचा अभ्यास अपुराच राहतो. स्वान उत्तम रसिक आहे आणि त्याची शोकांतिका तेथेच आहे. त्याचे ऐकणे स्मरणरंजनापाशी संपते.

आता व्हँतयकडे वळू. हा कोम्ब्रे गावचा भिडस्त, दुःखी पियानोशिक्षक. स्वान त्याला ओळखतो. पण त्या म्हाताऱ्याने असा सोनाटा रचला असेल हे त्याच्या कल्पनेतही येत नाही. या विरोधामागची निर्मितिकथा अभ्यासकांनी हस्तलिखितांवरून उलगडली आहे. आधीच्या मसुद्यांत व्हँग्तों नावाचा निसर्गशास्त्रज्ञ आणि बेर्जे नावाचा संगीतकार अशी दोन वेगळी पात्रे होती. १९१३ साली मुद्रिते तपासताना प्रूस्तने ती एकत्र केली आणि व्हँतय जन्मला. साहित्यकृती समजण्यासाठी लेखकाचे व्यावहारिक चरित्र पाहावे, या सँत-बव्हच्या भूमिकेशी प्रूस्तचे भांडण होते. ते भांडण आता युक्तिवादातून पात्रात उतरले. गावाला दिसणारा व्हँतय आणि स्वरांतून बोलणारा व्हँतय यांचा मेळ कोणालाच घालता येत नाही. सँ-सान्सचे नाव तसेच राहते, तर हे शक्य नव्हते. कारण त्याचे चरित्र आणि कीर्ती वाचकाला आधीच माहीत होती.

ऐकण्याचा दुसरा मार्ग निवेदकाचा. दुसऱ्या खंडात (१९१९) ओदेत त्याला सोनाटा वाजवून दाखवते तेव्हा त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पहिल्या ऐकण्यात उणीव आकलनाची नसून स्मृतीची असते, हे तेथील चिंतन साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पुनर्वाचनाच्या संदर्भात ध्यानात ठेवावे असे आहे. पाचव्या खंडात (१९२३) आल्बर्तीन त्याच्यासाठी पियानोला वाजवते. अद्याप न उलगडलेल्या रचनाच त्याला हव्या असतात. त्या स्पष्ट झाल्या की तो दुसऱ्या मागतो. लेखकाच्या घरातले यंत्र येथे पात्राच्या स्वभावाचे साधन झाले आहे. याच खंडात व्हँतयचे मरणोत्तर सप्तक, म्हणजे सात वाद्यांची रचना, निवेदक ऐकतो. ही रचना वाचली कशी, तर जिच्या साक्षीने व्हँतयच्या मुलीने बापाच्या छायाचित्राची विटंबना केली, त्याच मैत्रिणीने वर्षानुवर्षे खपून त्याची दुर्बोध टिपणे उलगडली म्हणून. अपराधी हातांनीच ते संगीत जगापर्यंत पोहोचवले. सप्तकात निवेदकालाही हाक ऐकू येते, आणि अखेरच्या खंडात तो लिहायला बसण्याच्या निश्चयाप्रत येतो.

ख्यालाची मैफल ऐकलेल्या मराठी वाचकाला येथे बंदिशीच्या मुखड्याची आठवण होईल. मुखडा प्रत्येक आवर्तनात तोच येतो आणि तोच राहत नाही. फरक इतकाच, की तेथे हे एका बैठकीत घडते. प्रूस्तच्या कादंबरीत दोन आवर्तनांमध्ये वर्षे जातात, माणसे मरतात, प्रेमे संपतात.

म्हणून आम्हांला वाटते, 'सोनाटा कोणाचा?' यापेक्षा 'तो कोणी, कितव्यांदा आणि कशासाठी ऐकला?' हा प्रश्न वर्गात अधिक फलदायी ठरेल. संगीताने स्वान आणि निवेदक दोघांनाही हाक दिली होती. एकाने तिच्यात आपले गेलेले प्रेम ऐकले, दुसऱ्याने आपले राहिलेले काम. प्रूस्तच्या हातीही वेळ थोडा होता. १८ नोव्हेंबर १९२२ रोजी तो वारला तेव्हा शेवटचे तीन खंड छापून व्हायचे होते. स्वान होऊन राहण्याचा धोका त्याला कादंबरीतल्या कोणाहीपेक्षा जवळून माहीत असावा.