अन्नान्नदशा आणि योगक्षेम : डमडम-वराहनगर ते केडगाव

डमडम हे नाव इतिहासग्रंथांत येते ते तोफखान्याच्या छावणीमुळे आणि दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. वाङ्मयाच्या अभ्यासकास मात्र हे स्थळ दुसऱ्या एका निमित्ताने भेटते. महेंद्रनाथ गुप्त यांच्या ‘श्रीरामकृष्णकथामृता’त ‘डमडमचे मास्टर’ म्हणून एका शाळाशिक्षकाचा उल्लेख आहे. छावणीच्या पश्चिमेस, हुगळीच्या काठी, दक्षिणेश्वर आणि वराहनगर ही गावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टापूत ‘देव पुरवील’ या श्रद्धेची कसून परीक्षा झाली. तिच्या बंगाली लिखित नोंदी मराठी परंपरेशेजारी ठेवून वाचल्या, तर या श्रद्धेविषयी आणि विशेषतः तिच्या कथनाविषयी काही वेगळे हाती लागते.

प्रश्नाचे सैद्धांतिक टोक कथामृतातच आहे. ईश्वर दयामय आहे, असे काही शीख शिपाई रामकृष्णांस म्हणाले. त्यावर त्यांचे उत्तर असे की, आईबापांनी लेकरास सांभाळले तर त्यात दया कसली? ते शेजाऱ्याने करायचे काय? येथे पोषण हा कृपेचा विषय उरत नाही. तो लेकराचा हक्क ठरतो. पण लेकरू उपाशीच राहिले तर काय? या हक्काला व्यवहारात कोणता आधार होता, हे त्या संभाषणात येत नाही.

तो प्रश्न १८८४ साली नरेंद्रनाथ दत्तांच्या घरात उभा राहिला. वडील वारले, कर्ज निघाले, आप्तांनी पाठ फिरवली. पदवीधर मुलगा नोकरीसाठी अनवाणी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. स्वामी शारदानंदांच्या ‘श्रीरामकृष्णलीलाप्रसंगा’त या दिवसांचे विस्तृत वर्णन आहे. सकाळी उठताना देवाचे नाव घेणाऱ्या मुलावर आई भुवनेश्वरीदेवी खेकसते, की लहानपणापासून त्याला हाका मारतो आहेस, त्याने काय केले? भक्तिचरित्रात हे वाक्य टिकून राहिले, ही चरित्रकाराच्या सचोटीची खूण मानावी लागते. पुढे रामकृष्ण नरेंद्राला काय हवे ते स्वतःच मागण्यासाठी कालीमंदिरात धाडतात. तो तीनदा जातो आणि तिन्ही वेळा पैशाचे मागणे त्याच्या तोंडून निघत नाही. तो विवेक, वैराग्य आणि भक्ती मागतो. अखेर त्याच्या आग्रहावरून रामकृष्ण आश्वासन देतात, की घरच्यांना साध्या अन्नवस्त्राची ददात पडणार नाही. आश्वासनाची मर्यादा बोलकी आहे : जाडाभरडा भात, जाडेभरडे कापड. समृद्धीचा त्यात शब्दही नाही.

१८८६ साली रामकृष्णांच्या निधनानंतर तरुण शिष्यांनी वराहनगरच्या पडक्या घरात मठ मांडला. भाड्याचा आणि जेवणाचा भार सुरेंद्रनाथ मित्र या गृहस्थभक्ताने उचलला. तरीही उपवास घडत. तांदूळ मिळाला तर मीठ नसे. भाताबरोबर खायला बिंबाची, म्हणजे आपल्याकडील रानतोंडलीची, उकडलेली पाने असत. या काळातला एक प्रसंग संन्याशांच्या चरित्रांत येतो. घरात काहीच नाही असे पाहून सर्वांनी भजनात दिवस घालवायचे ठरवले. शशी, म्हणजे पुढचे स्वामी रामकृष्णानंद, मात्र गुपचूप बाहेर पडला. एका शेजाऱ्याकडून त्याने थोडे तांदूळ व बटाटे मिळवले, शिजवून नैवेद्य दाखवला आणि भजनात रंगलेल्या गुरुबंधूंच्या तोंडात घास घातले. देवाने पुरवले असे म्हणायचे तर ते शशीच्या पायांनी आणि शेजाऱ्याच्या शिध्याने पुरवले. कथनकारानेही हे लपवलेले नाही. १८९० च्या मे महिन्यात सुरेंद्रनाथ वारले, तेव्हा नरेंद्रनाथांनी काशीच्या प्रमदादास मित्रांना मदतीसाठी पत्र लिहिले. दक्षिणेश्वरी ज्याला मागता आले नाही, त्याला गुरुबंधूंसाठी माणसाकडे मागणे कमीपणाचे वाटले नाही.

मराठी परंपरेत हा माणसाचा हात कुठे दिसतो? महिपतीने रंगवलेल्या दामाजीपंतांच्या कथेत मंगळवेढ्याचे सरकारी कोठार दुष्काळात उघडणारा हात माणसाचा आहे. परंतु बीदरच्या दरबारात धान्याची किंमत भरायला विठू महार होऊन स्वतः देव येतो. देवाने घेतलेले रूप समाजाने शिवेबाहेर ठेवलेल्या माणसाचे आहे, याकडे दुर्लक्ष करून ही कथा वाचता येत नाही. तरीही चरित्राच्या चौकटीत मदत वेळेवर पोचते, हे खरेच. तुकोबांचे आत्मकथनपर अभंग याच्या नेमके उलट उभे आहेत. १६३०-३२ च्या दुष्काळात दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली; देव त्या वेळी आला नाही. तुकोबांची श्रद्धा ही पुरवठ्याची पावती नव्हे. मदत न आल्याच्या अनुभवानंतर ती उरली आहे. चरित्र आणि आत्मनिवेदन या दोन प्रकारांतला भेद इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) लेखन विशेष मोलाचे आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराण सांगत तीर्थाटन करीत असे. मजुरी करणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात ते पाणी, पाने आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस रानात राहिले, असे रमाबाई सांगतात. वराहनगरची पाने आणि ही पाने एकाच श्रद्धेच्या पोटी खाल्लेली. फरक इतकाच की येथे सुरेंद्रनाथ नव्हते. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा भावाने, श्रीनिवासाने, जातीचा अभिमान सोडून हमाली करीन असे म्हटले. निर्णयाला उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील व थोड्याच आठवड्यांनी आई गेली. पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली आणि तेथील पंडितांनी या मुलीला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले.

ख्रिस्ती झाल्यानंतर रमाबाईंनी हाच विश्वास नव्या परिभाषेत पुन्हा धरला. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते; गरज देवाशिवाय कोणाला सांगायची नाही, हा त्याचा दंडक. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने कबूल केलेली दहा वर्षांची मदत १८९८ मध्ये संपली. मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली तोवर केडगावी आल्या होत्या. १८९९-१९०० च्या दुष्काळाने संख्या दीड हजारांच्या वर नेली. म्यूलरच्या दंडकाची नक्कल येथे तंतोतंत झाली नाही. ‘मुक्ति प्रेयर बेल’ या पत्रातून संस्थेची हकीकत दूरदेशीच्या वाचकांपर्यंत पोचत होती. आणि प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, मुली विणकाम शिकल्या.

१९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीला रमाबाईंनी न संपणाऱ्या ठेव्याचे नाव दिले. त्याच पुस्तकात आईबापांच्या उपासमारीची हकीकत आहे. धर्मांतराचे समर्थन म्हणून ती वाचण्याची प्रथा पडली आहे, आणि रमाबाईंचा हेतू काही अंशी तसा होताही. परंतु ज्यांची श्रद्धा लेखिकेपेक्षा तसूभरही कमी नव्हती आणि ज्यांना अन्न पोचले नाही, त्यांची नोंद यामुळेच मराठी-बंगाली कक्षेतल्या या साहित्यात राहिली. वराहनगरच्या आठवणी वाचलेल्यांनी लिहिल्या. श्रीनिवासशास्त्र्यांनी त्या रानात उच्चारलेले हमालीचे वाक्य एका बहिणीच्या स्मरणात होते म्हणून कागदावर आले.