पादाभ्यंग आणि तळव्याचा नकाशा

इ. स. १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा म्हणत त्या रायगड जिल्ह्यांत, रोह्याजवळ, धाटाव हें गांव आहे. कुंडलिकेच्या खोऱ्यांतील हा मुलूख भाताचा. लावणी सुरू झाली म्हणजे दिवसचे दिवस चिखलांत उभें राहावें लागतें. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा भेगाळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले, आणि चिखलांतल्या पायांच्या जोडीस पाळीभर उभे राहणारे पाय आले. पायांच्या सेवेचा इतिहास अशा गांवापासून आरंभणें युक्त होय; ज्यास उभ्यानें पोट भरावें लागतें त्यास पायाची किंमत सांगावी लागत नाहीं.

कोंकणांत टाचेच्या भेगांना कोकमाचें तेल लावतात. उन्हाळ्यांत तळपायाला तूप वा खोबरेल लावून काशाच्या वाटीनें घासण्याची चाल तर महाराष्ट्रांत घरोघर परिचित आहे. कांसें म्हणजे तांबें व कथील यांचा मिश्रधातु. घासतां घासतां तळवा काळा पडतो. अंगांतली उष्णता बाहेर पडली, असें वडील माणसें म्हणतात. वस्तुतः तो काळिमा झिजलेल्या धातूचा व तेलाचा असतो. परंतु तळवे निवतात, डोळ्यांवर झोंप येते, हा अनुभव खोटा नव्हे.

या आचाराला ग्रंथांचा आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, पादाभ्यंगानें पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरता यांचा परिहार होतो आणि दृष्टि प्रसन्न होते, असें सांगितलें आहे. सुश्रुतानें निद्रेचा लाभही सांगितला. वाग्भटानें मस्तक, कान व पाय यांस तेल विशेषेंकरून लावावें, असा दिनचर्येचा नियमच घातला. आणि नेत्ररोगाच्या प्रकरणांत, तळव्याच्या मध्यापासून दोन सिरा डोळ्यांकडे जातात, असें प्रतिपादिलें. तळव्याचा दूरच्या इंद्रियाशीं संबंध जोडणारी कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. मात्र आधुनिक शारीरशास्त्राला अशा सिरा आढळल्या नाहींत.

शहरांत ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ या नांवानें जो उपचार चालतो त्याचें कूळ निराळें. तें अमेरिकेंत आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेरल्ड यांनीं शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. एका पट्ट्यांत कोठें दाब दिला असतां त्याच पट्ट्यांतील दुसऱ्या भागाची वेदना शमते, असें त्यांचें म्हणणें. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेलें त्यांचें पुस्तक १९१७ सालीं निघालें. पुढें यूनिस इंगहॅम या बाईंनीं हा विचार पायावर आणला. अंगठा म्हणजे मस्तक, पायाची आंतली कड म्हणजे पाठीचा कणा, असा साऱ्या देहाचा नकाशा तळव्यावर बसविला, आणि १९३८ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें.

नकाशा मोहक आहे; पण यकृताचा बिंदु दाबल्यानें यकृत सुधारतें, असें दाखविणारा भरंवशाचा पुरावा मिळालेला नाहीं. २००९ सालीं एडझार्ड अर्न्स्ट यांनीं १८ चांचण्यांचा एकत्र विचार केला, आणि कोणत्याही रोगावर हा उपचार गुणकारी असल्याचें खात्रीनें सिद्ध होत नाहीं, असा निष्कर्ष काढला. पाय चोळल्यानें शीण उतरतो व मन निवतें, हें वेगळें. तें चरकाच्या वाचकाला पूर्वींच ठाऊक होतें.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. मधुमेहानें वा कुष्ठरोगानें पाय बधिर झाला म्हणजे कांटा रुतला तरी कळत नाहीं. जखम चिघळते, प्रसंगीं पाय गमवावा लागतो. अशा पायाला जोरानें घासणें, किंवा बिंदूंच्या भरंवशावर दवाखाना टाळणें, घातक होय. एका पायास अकस्मात् सूज येऊन पोटरी दुखूं लागली, तर ती मुळींच चेपूं नये. आंत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो.

यानें पादाभ्यंगाचें मोल उणें होत नाहीं. लावणीहून परतलेल्या बाईचे अथवा रात्रपाळीहून आलेल्या कामगाराचे पाय कोमट पाण्यानें धुऊन, बेचक्यांत कोरडे पुसून, टाचांना तेल लावून कोणीं हलकेंच चेपले, तर तो आराम खरा आहे. शिवाय जो पाय रोज हातीं घेतो त्यालाच नवी भेग, नवा फोड प्रथम दिसतो. तळव्यावर यकृत आणि मूत्रपिंड शोधीत बसण्यापेक्षां तळवाच नीट पाहावा. रोगाची परीक्षा डॉक्टरांकडे सोंपवावी.