१९४७चा उन्हाळा

युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी इंग्लंडमध्ये पाव रेशनवरच मिळत होता. त्यात १९४७चा हिवाळा हाडं गोठवणारा. मग उन्हाळा आला, लख्ख उन्हाचा, आणि लोकांनी काउंटी क्रिकेटच्या मैदानांकडे धाव घेतली.

त्यांना पाहायचा होता डेनिस कॉम्प्टन. पुढे सरसावून, कधी तोल जाता जाता, तो चेंडू स्वीप करी, तेव्हा रेशनच्या रांगांचा क्षणभर विसर पडत असणार. त्या मोसमात त्याने ३,८१६ धावा आणि १८ शतकं केली. फलंदाज हॉब्जचा एका मोसमातल्या १६ शतकांचा विक्रम १९२५पासूनचा होता. तो कॉम्प्टनने हेस्टिंग्जला मोडला. जोडीला बिल एड्रिच, युद्धात बॉम्बर विमानं चालवलेला, ३,५३९ धावांचा धनी. लॉर्ड्सवरच्या कसोटीत दोघांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिसऱ्या विकेटसाठी ३७० धावा जोडल्या. दोघांच्या मिडलसेक्सने १९२१नंतर प्रथमच काउंटी अजिंक्यपद जिंकलं.

मुंबईकरांना मात्र हा फलंदाज नवा नव्हता. युद्धकाळात महूला तैनात असताना तो होळकर संघाकडून खेळला. १९४५च्या रणजी अंतिम सामन्यात, मुंबईच्या ब्रेबॉर्नवर, मुंबईकडून खेळणाऱ्या विजय मर्चंटच्या २७८ धावांनंतर होळकरपुढे ८६७चं अशक्य लक्ष्य होतं. संघ ३७४ धावांनी हरला. कॉम्प्टन २४९वर नाबाद राहिला.

इंग्लंडमधल्या त्या मोसमाच्या अखेरीस, सप्टेंबर १९४७मध्ये ओव्हलवर, दुखऱ्या गुडघ्यानिशी, त्याने २४६ धावा काढल्या. तोच गुडघा पुढे वर्षानुवर्षं त्याला छळत राहिला.