औषधचिठ्ठी-नोंद
औषधचिठ्ठी-नोंद, भारतातील : चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचा दुरुपयोग टाळण्यासाठी औषधविक्रेत्याने ठेवावयाची नोंद. अफू, मॉर्फीन इत्यादींच्या व्यवहारावर १९३० च्या अधिनियमाने निर्बंध आले. दुकानातील नोंदीस निश्चित रूप मात्र औषधिद्रव्य अधिनियम (१९४०) व त्याखालील नियम (१९४५) यांमुळे लाभले. १९४८ च्या भेषजी अधिनियमाने चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे काम नोंदणीकृत भेषजज्ञाकडे (फार्मासिस्टकडे) सोपविले. नियम ६५ अन्वये, डॉक्टरची तशी सूचना नसल्यास एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते व चिठ्ठीवर विक्रेत्याचे नाव, पत्ता व दिनांक नमूद करावा लागतो. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूची अमलात आली. तीत कित्येक प्रतिजैविकांबरोबरच कोडीन, डायाझेपाम, ट्रॅमाडॉल यांचाही समावेश असून डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते.

ही नोंदवही ज्या त्या दुकानापुरती असते. भिवंडीच्या निजामपुऱ्यात औषध घेऊन कोणी तीच चिठ्ठी कल्याणला नेल्यास तेथील भेषजज्ञाला चिठ्ठीवरील शिक्क्यावरूनच ते कळू शकते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असल्यास तेही साधत नाही. कॅलिफोर्नियात चिठ्ठीची प्रत राज्य शासनाकडे पाठविण्याची पद्धत १९३९ मध्ये सुरू झाली. अशा मध्यवर्ती नोंदीअभावी भेषजज्ञाची दक्षता हाच येथील मुख्य आधार होय.